सालीची पूड

नर्सने तिला बजावलं होतं. बाळाला लस टोचायला नेलं तेव्हा तिचं कापलेलं बोट बघून नर्स म्हणाली होती, "डाळिंबाची साल वरचं रक्त थांबवते, आतलं नाही. तुम्ही कारखान्यातल्या बायका उठसूट ती पूड फासता. एक दिवस कुणाच्या तरी जिवावर बेतेल." तिने ते हसण्यावारी नेलं. कॉलेजात शिकलेली बाई, तिला का कळत नव्हतं?

कारखान्यात तिचं नावच शिकलेली. लांब टेबलाशी सात जणी डाळिंबं फोडायच्या. सुरीने मुकुटाखाली गोल चीर, कडांवरून उभ्या चिरा, मग दोन्ही अंगठे खुपसून फळ उचकटायचं. अर्धं फळ पाटीवर उपडं धरायचं आणि पाठीत जड लाकडी पळीने हाणायचं, की दाणे सुटतात. दाणे रसाला, साल रंगाच्या कढईला, पांढरे पापुद्रे गुरांना. थोडी साल वाळवून, कुटून डब्यात ठेवलेली असे, कापलेल्या बोटांसाठी.

त्या सकाळी शेजारच्या स्टुलावरची बडबडी गप्प होती.

"काय गं, जीभ घरी विसरलीस?" मुकादम मावशी म्हणाली.

बडबडी हसायला गेली आणि तिचा फुटलेला ओठ पुन्हा उलला. शिकलेलीने डबा सरकवला. बडबडीने चिमूटभर पूड ओठावर दाबली. दुसरा हात तिने पोटावरून काढला नाही.

"लाथ मारली?" शिकलेलीने हळूच विचारलं.

"बुटासकट. चपलेवर भागत नाही आता आमच्या साहेबांचं."

अकराच्या सुमाराला तिचा नवरा स्वतःच आला. दारातून सरळ टेबलाशी. "मी आंघोळीला गेलो तर इकडे पळालीस?" म्हणत त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि हिसडा दिला. स्टूल कलंडलं, पाटी उलटली, दाणे फरशीभर झाले. त्यांच्यावरूनच तो तिला फरफटत घेऊन निघाला. बुटाखाली दाणे फटफट फुटत होते. सहा बायका हातात सुऱ्या धरून बघत राहिल्या.

मग सहाच्या पाच झाल्या. आपण कधी उठलो ते शिकलेलीला कळलंच नाही. तिने पळी त्याच्या बोटांवर हाणली, फळाच्या पाठीत हाणतात तशी. मग मनगटावर. तो वळला तेव्हा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वेणी सुटली, तो मटकन खाली बसला, नाकातून धार लागली. चौथ्यांदा पळी वर गेली तशी मावशीने मागून तिला कवळ घातली. "पुरे. घरी तान्हं आहे तुझं."

"पूड," तो नाक धरून म्हणाला. "पूड द्या ना कुणीतरी."

डबा बडबडीनेच उचलला. मूठभर पूड घेऊन त्याच्या नाकाला दाबून धरली. हात सराईत होता.

रक्त त्याचं वाहत होतं, म्हणून धावपळ त्याच्यासाठी झाली. मालकाने गाडी काढून त्याला दवाखान्यात नेलं आणि जाता जाता पोलिसांना फोन लावला. बडबडी भिंतीला टेकून उभी होती, ओठसुद्धा पांढरे.

"मी जरा घरी जाऊन पडते. पोटात जड जड वाटतंय."

मावशीने तिला पाठमोरी करून साडी बघितली. कुठे थेंब नव्हता. "जा, पड जा," मावशी म्हणाली. शिकलेलीनेही मान डोलावली. कमरेला धरून दारापर्यंत सोडायला गेली तीच. तेव्हा हाताला लागलेलं बडबडीचं पोट फळीसारखं कडक होतं, आणि नर्स म्हणाली ते आतलं रक्त ते हेच, हे तिला पोलिसांनी आणून चौकीतल्या बाकावर बसवल्यावर उमगलं.

आता दुपारचे दोन वाजलेत. फोन काढून घेतलाय. हवालदाराला तिने तीनदा सांगून बघितलं.

"रक्त आलंय का त्या बाईला?"

"नाही, पण..."

"मग बसा. जखमी माणूस तिकडे दवाखान्यात आहे, तुमच्या कृपेने."

बाळ शेजारच्या आजींकडे आहे. भुकेने रडत असेल. त्याला रडू दे, त्याचा आवाज तरी कुणाला ऐकू जाईल. ती चौकीत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते आहे. आता तुम्हाला सांगते आहे.

"रंगाच्या कढयांमागची गल्ली, शेवटची खोली, हिरवं दार. जाऊन बघता का? बरी आहे म्हणाली तरी परत फिरू नका, ती सगळ्यांना तसंच सांगते. आणि काहीच बोलली नाही तर थांबू नका. दार जुनं आहे, खांदा लावला की पडेल."