सांगानेरचे वैद्यजी

नवऱ्याच्या बदलीमुळे मंजुषा जयपूरला आली आणि तिची दुखरी कंबरही मागोमाग आली. कंबर तिची एकटीची, पण त्यांच्या राजा पार्क वस्तीतली प्रत्येक बाई तिच्यावर हक्काने उपाय सांगायची: मेथीचे लाडू, उंटिणीचं दूध, गरम वाळूचा शेक.

शेवटी वैतागून तिने ठोकून दिलं, "सांगानेर के वैद्यजी की दवाई से एकदम ठीक हो गयी!" हे वैद्यजी तिने त्याच क्षणी जन्माला घातले होते. सल्ले बंद झाले. आता फक्त दार लावून कण्हायचं.

महिन्याभराने शेजारच्या खंडेलवाल भाभी जिना धावत चढून आल्या. "मंजुषाजी, ढूँढ लिये आपके वैद्यजी! मेरे घुटनों का दर्द तो छूमंतर!"




मंजुषाने दाराला धरून कशीबशी कंबर सरळ केली आणि हळूच विचारलं, "भाभी, पता क्या है उनका?"