पावतीवरचं उत्तर

सरकारनं इंटरनेटवरच्या टीव्हीसाठी नवे नियम सुचवले होते आणि त्यावर लोकांची मतं मागवली होती. शेवटच्या दिवशी आमच्या कळंबचे भागुजीबाबा अकरा जणांना गोळा करून माझ्या सेवा केंद्रात आले. बाबांना अजिबात ऐकू येत नाही. "टीव्हीत बोलत्यात ते खाली लिवून दाखवा, एवढंच आमचं सगळ्यांचं मागणं भर," म्हणाले आणि सगळे चहाला गेले.

फॉर्ममध्ये 'बोलणं खाली लिहून दाखवावं का?' या प्रश्नाला 'हो' केलं, की प्रत्येकाचं कारण वेगळं लिहावं लागत होतं. साइट सारखी अडकत होती, मला भूक लागली होती. मी बाराही जणांचं 'नाही' करून टाकलं. दिलेली उत्तरं पावतीवर छापून येत होती, पण पावती कोण वाचतंय!

चहाहून परतल्यावर बाबांनी पावती हातात घेतली, चष्मा लावला आणि नेमकं त्या 'नाही'च्याच ओळीवर बोट ठेवलं.

"लगेच उत्तर बी आलं? नाय म्हणले व्हय ते?" मग पावतीची घडी खिशात ठेवत म्हणाले, "जाऊ दे, पोरी. तू तर आमचं नीट मांडलंस ना?"

 

त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मला काही बोलावं लागलं नाही. मी नुसती होकारार्थी मान हलवली.