घाटातला बर्फ

मे महिन्याच्या सुट्टीत बुलढाण्याच्या गार हवेला निघालेल्या मोटारींनी राजूरचा घाट पार तुंबला होता. अडकलेल्या ट्रकमध्ये पुंजाजी मलकापूरहून आणलेली बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून बसला होता. घाटमाथ्यावरच्या घरी काल मायनं प्राण सोडला होता. नागपूरची बहीण पोचेपर्यंत देह टिकवायचा होता. लेकीला अशी बातमी तारेनं कळवत नाहीत, म्हणून त्यानं ‘माय बीमार’ एवढंच लिहिलं होतं. तेवढ्यात मागच्या एसटीतून उतरून बहीणच धावत आली. तिनं ओलं गोणपाट चाचपलं. “दादा, मायले लई ताप हाये का?” पुंजाजीच्या तोंडून “हाव” निघालं. “मंग बसून काऊन राह्यला? उचल, पायीच जाऊ.” लादीचं एक टोक खांद्यावर घेऊन ती मोटारींमधून वाट काढू लागली. “पाय उचल दादा, मायच्या कपायावर ठेवाले थोडा तरी बर्फ उरू दे.”