नेट बंद, हळदीकुंकू चालू

इंटरनेट तोडल्याने पांगारवाडीत कोणाचा फायदा झाला असेल, तर एकट्या सुगंधाकाकूंचा. अकरा वर्षं त्या बचाव समितीत होत्या आणि अकरा वर्षं समितीने त्यांच्या हातचा फक्त चहा घेतला होता. भाषण अध्यक्ष भाऊंचं, हार भाऊंना, ग्रुपचे अॅडमिन भाऊ. सोमवारी सरकारने 'अफवा पसरू नयेत' म्हणून वाकोल्याच्या त्या पट्ट्यातलं नेट तोडलं आणि अॅडमिन भाऊ मिनिटात नुसते भाऊ उरले. समितीतल्या केतनने साधे फोन लावून पाहिले. सातव्या फोनला पोलीस त्याच्या दारात आणि तो चौकीत.

निरोप तर आजच घरोघर जायला हवा होता. रस्त्यासाठी वाडी पाडायला उद्या सकाळी सातला बुलडोझर येणार, आणि स्थगितीची सुनावणी अकराला. मधले चार तास अख्खी वाडी वाटेत बसली, तरच अकराला वाचवायला काही शिल्लक राहणार.

"पाचजणांच्या वर जमायचं नाही असा हुकूम आहे," भाऊ म्हणाले. "काय करणार?"

"संक्रांत होऊन चार दिवस झाले," काकू म्हणाल्या. "रथसप्तमीपर्यंत बायका दारोदार फिरणारच. हळदीकुंकवाला कोण अडवतो तेच बघते."

दुपारी काकूंच्या खोलीत नुसता धुमाकूळ. चौघी बसायच्या, पाचवी आली की पहिली उठायची. हळद, कुंकू, मनगटाला अत्तर आणि तिळगुळाच्या सहा पुड्या. एक स्वतःची, पाच पुढच्या घरांना. प्रत्येक पुडीत वकील उत्तराच्या अक्षरातली चिठ्ठी : 'उद्या सहाला नाक्यावर. सगळे.'

"मालन, तू मागची ओळ! प्रियंका, पिठाच्या गिरणीची बाजू! आणि तो मोबाईल घरी ठेव गो. आरसा म्हणून घेऊन फिरतेस काय?"

काकूंचा पाय जमिनीवर नव्हता.

"काकू, झकास! सव्वाशे घरं झाली," उत्तरा यादीवर रेघ मारत म्हणाली. "पण नवी चाळ राहिली."

नवी चाळ बॅरिकेडच्या पलीकडे. सकाळपासून पोलीस तिकडे मांजरही सोडत नव्हते. आणि तिथली ऐंशी घरं आली नाहीत, तर रस्त्याची ती बाजू मोकळी. बुलडोझर तिथून आरामात आत.

तेवढ्यात दारात खाकी दिसली. उत्तराने यादी पाटाखाली सरकवली.

पंचविशीची पोलीसबाई. चौकटीला धरून हळू आवाजात म्हणाली, "काकू, जरा मोरी वापरू का? सकाळी सहापासून उभी आहे. कोणी दारच उघडत नाही."

उघडणार कसं? पोलिसांना पाणीसुद्धा द्यायचं नाही, हा भाऊंचा ठराव होता. काकूंनी मोरीकडे बोट दाखवलं.

ती बाहेर आली, ओले हात पुसत दाराकडे वळली. जात होती ती गेली असती. पण कॉलरच्या आतून मंगळसूत्र डोकावलं, आणि दुपारभर चालू असलेल्या काकूंच्या हातांनी काकूंना विचारलंच नाही. दारातून सवाशीण तशीच परत जाते होय? हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं. उत्तरा खोकली, मग जोरात खोकली.

"ड्युटीवर काही घेता येत नाही, काकू."

"हळदकुंकवाक नाय म्हणू नये गे, बाय," म्हणत काकूंनी पुडी तिच्या हातात कोंबली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय कोंबलं ते.

पोरगी भुकेली होती. तिने तिथेच पुडी सोडली, लाडू तोंडात टाकला, चिठ्ठी उलगडली. खोलीत लाडू फुटल्याचा तेवढा आवाज.

"नाव काय गे तुझा?" काहीतरी बोलायला हवं म्हणून काकूंनी विचारलं.

"श्रुतिका." तिने चिठ्ठी नीट घडी करून पुडीत परत ठेवली. "सकाळी सहाला आमची पाळी बदलते. नव्या चाळीच्या तोंडाशी तेव्हा वीस मिनिटं दोघेच असतात."

मग ती ताटातल्या पुड्यांकडे बघत राहिली. "तिकडच्या बायकांचं हळदीकुंकू राहिलंय ना?"

काकूंनी ताट पुढे केलं.

सकाळी सहाला सगळ्यांच्या आधी नवी चाळ आली. ऐंशीच्या ऐंशी घरं, म्हाताऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसकट. सातला बुलडोझर आला, माणसांसमोर धडधडत उभा राहिला आणि आठला त्याने इंजिन बंद केलं. टाळ्या अशा पडल्या की नाक्यावरची कबुतरं उडाली.

"निरोप कोणी फिरवला?" पोलिसांचे साहेब ओरडले.

अकरा वर्षं काकू याच प्रश्नाची वाट बघत होत्या. आजवर प्रत्येक प्रश्नाला 'मी' म्हणणारे भाऊ आज खाली वाकून चपलेचा पट्टा शोधत होते.

काकू उभ्या राहिल्या. "मी! सुगंधा परब. लिहून घ्या."

साहेब हसले. "मावशी, बसा. काल बॅरिकेडपलीकडे एक माणूस गेलेला नाही. आमची ड्युटीवाली सोडली तर..." आणि वाक्य अर्धवट सोडून ते आपल्याच रांगेकडे वळले.

"अहो, मी म्हणते ना!" काकू ओरडल्या. "मीच!"

अकराला स्थगिती मिळाली. बाराला नेट आलं आणि ग्रुपवर भाऊंचा हात उंचावलेला फोटो. केतन सुटून जेवायला घरी. वाडीचं एक कौल हललं नाही. गेला तो वर्दीवरचा एकच कमरेचा पट्टा, आणि तोही साहेबांनी मागायच्या आधी श्रुतिकाने स्वतःच सोडून त्यांच्या हातात दिला होता.