रिकामी बाकडी

रेणापूरच्या स्टँडसमोर चन्नबसप्पानं चहाचं हॉटेल टाकलं. हे चाललं नाही, तर पुन्हा पुण्याला वॉचमनकीला जायचं, हे घरात ठरलेलं. गिऱ्हाईक यायचं, रिकामी बाकडी बघायचं, "कुणीच न्हाई, म्हंजी चहा शिळा असंल," म्हणायचं आणि पलीकडं भागवतच्या हॉटेलात उभ्या-उभ्या कप धरायचं.

"अवो, आधी बाकडी भरा की!" बायको गुरम्मा म्हणाली. मग शिरूर अनंतपाळहून तिचं अख्खं माहेर आलं आणि असं ठाण मांडून बसलं, की माशीला टेकायला जागा उरली नाही. आता गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, "बाप रे, लई गर्दी हाय!" आणि पलीकडं जायचं.

कंटाळून पाहुणे गेले. एके सकाळी चन्नबसप्पा पिशवी भरून पुण्याच्या गाडीला निघाला. गुरम्मानं डोळे पुसत आधण ठेवलं. "घोटभर चहा तर घेऊन जावा." त्यानं एकवार रिकाम्या बाकड्यांकडं पाहिलं आणि रस्ता ओलांडला.



"भागवत, एक कप दे बाबा. तुझ्याकडं गर्दी हाय, म्हंजी चहा ताजा असंल."