गालिच्याच्या रंगाची खोली

जंगलाकाठच्या मूल गावातल्या आमच्या नव्या घरात आधी गालिचा आला, मग त्याच्यावरून खोली सजली. त्यात वाळल्या गवताचा पिवळा होता, म्हणून पडदे तसे घेतले. त्यातल्या सागपानांचा हिरवा दुकानदाराकडून पुन्हापुन्हा मिसळून घेतला आणि भिंतींना दिला. अशी खोली अख्ख्या मूलमध्ये नाही, हे बघायला येणाऱ्या बायाच सांगतात.

एकच गोष्ट खटकायची. गालिच्याच्या मधोमध लव दबलेली असायची, माणसाच्या उंचीपेक्षा लांब पट्ट्यात. मी रोज सकाळी ब्रशने ती उभी करायचे. दुपारी ती पुन्हा दबलेली असायची आणि हाताला ऊन लागायची. तिथे उन्हाची तिरीपही येत नाही.

काल वारलूभाऊ मोहफुलं घेऊन आले. त्यांचा जन्म जंगलात फुलं वेचण्यात गेला. ते दारातच थांबले आणि मोठ्याने खाकरले. वाटेत वाघ बसला असेल तर त्यानं उठून जावं, म्हणून जंगलात खाकरतात तसे.

"लाजता काऊन, भाऊ? या, गालिच्यावर बसा."

"मी इथीच बरा, बाई." त्यांची नजर गालिच्यावरून हलेना. "तुमी तं जंगलच उभं केलं."

माझी मान ताठ झाली. "सारं माझ्या मनानं केलं, भाऊ. कोणाले विचारलं नाई."

ते पुन्हा खाकरले.

दबलेली लव आमच्या देखत हळूहळू उभी राहिली. मग तिच्या अलीकडे वाटीएवढी जागा दबली. मग आणखी एक, माझ्या बाजूला.