तेलाच्या थेंबाखाली

“अ‍ॅल्युमिनियमला सोल्डर धरत नाही. हे तू चिकटवलंयस,” सबनीस सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले.

उद्याच्या प्रदर्शनासाठी अक्षतानं आईचा जुना डबा कापून वीतभर झोपाळा केला होता. “नाही सर, सोल्डरच आहे,” ती पुटपुटली.

सरांचा पारा चढला. त्यांनी तापलेली सोल्डरगन थेट सांध्याला टेकवली. चिकटवलेलं असतं तर करपट वास सुटला असता. इथं सोल्डर वितळून चांदीसारखं लकाकलं आणि झोपाळा कडीतून निसटून फरशीवर आपटला. पत्र्याची फळी पार वाकली.

सरांना मान वर करवेना. “कसं जमवलंस?”

“तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलं होतं, सर. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की लगेच थर चढतो, म्हणून सोल्डर धरत नाही. मग मी तेलाचा थेंब टाकून त्याच्याखालीच खरवडलं. हवा लागूच दिली नाही, सर.”

वाकलेली फळी उचलून ती बाकाकडे निघाली. एवढं होऊनही ती त्यांना पुन्हा पुन्हा सर म्हणत होती. सरांना तेच सोसवेना.